पास झाले

मीनल गुप्ते दहावीला नापास झाली होती, ही गोष्ट लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली तरी तिच्या सासरी कुणाला ठाऊक नव्हती. कुणी खोटं बोललं होतं असंही नाही. उल्हासनगरला चार नंबरच्या कॅम्पात तिच्या माहेरी पाहण्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा तिच्या वडिलांनी ‘मुलगी दहावीपर्यंत शिकलेली आहे’ एवढंच सांगितलं. त्या ‘पर्यंत’मध्ये सगळं आलं होतं. माईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, तिने भरतकाम केलेला उशीचा अभ्रा उलटसुलट करून पाहिला, पोह्यांची चव घेतली आणि होकार कळवला. पुढे कुणी विचारलं नाही, आणि मीनलनेही विषय काढला नाही.

विषय निघाला तो बालवाडीमुळे. सत्याऐंशी साल. बदलापुरात मांजर्लीला तेव्हा नव्या नव्या बिल्डिंगी उठत होत्या, आणि प्रत्येक जिन्यात लहान पोरांचा कालवा असायचा. महिला मंडळाच्या कौसाबाईंनी मनावर घेतलं, की इथे बालवाडी काढायची. अनुदान मिळणार होतं, जागा मिळणार होती, शिकवायला बाई तेवढी हवी होती. एका संध्याकाळी त्या गुप्त्यांकडे आल्या आणि माईंना म्हणाल्या, “तुमच्या मीनलशिवाय मला दुसरं नाव सुचत नाही. स्वतःची लेक शाळेत जायला लागली तरी जिन्यातली सगळी पोरं हिच्याच मागे. अट एकच आहे. बाई दहावी पास पाहिजे.”

“मग काय!” माई खुशीत म्हणाल्या. “पासच आहे ती.”

मीनल आतून चहा घेऊन येत होती. तिने कपबशा टेबलावर ठेवल्या, हात पदराला पुसले आणि म्हणाली, “माई, मी पास नाही.”

कौसाबाईंनी उगाचच चहात साखर ढवळली. माई सुनेकडे पाहत राहिल्या. मीनलचा नवरा कमळाकर पेपर वाचत होता, त्याने तो खाली घेतला. कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला तो अण्णांचा.

“कशात गेली?”

“इंग्रजीत.”

“एकट्या इंग्रजीत?”

“हो.”

अण्णा म्हणजे तिचे सासरे चिंतामणी गुप्ते. अंबरनाथच्या एका पंपांच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर इन्स्पेक्टरची नोकरी केली. ओतशाळेतून आलेला लोखंडी माल लहान हातोडीने ठोकून त्याचा आवाज ऐकायचा आणि तो पास करायचा किंवा परत पाठवायचा, हे त्यांचं काम. रिटायर झाले तरी कान तसाच राहिला होता. बाजारात नारळ ठोकत, माठ ठोकत, आणि भाजीवाल्याने कौतुकाने पुढे केलेलं कलिंगड तिसऱ्या टकटकीला नाकारत.

“भेग गेलेला तुकडा भंगारात जातो,” ते कौसाबाईंना म्हणाले. “पण कुठे नुसती कड राहिली असेल, तर तो घासून पुन्हा तपासायला घेतात. तुमची बालवाडी कधी सुरू होते?”

“अनुदान आलं तर पुढच्या जूनला.”

“मग ही मार्चला बसेल. बघू.”

माई मात्र दोन-तीन दिवस गप्प होत्या. नापास झाल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. त्या स्वतः चौथी शिकलेल्या. त्यांना लागलं ते निराळंच. तांदूळ निवडता निवडता एकदा त्या म्हणाल्या, “इतक्या वर्षांत मला सांगावंसं वाटलं नाही होय तुला? मी काय तुला घालवून दिलं असतं?” मीनलला रडू आलं. माईंनी तिच्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं. “ऊठ. सकाळचा स्वयंपाक आजपासून मी बघते. तू पुस्तक घेऊन बस.”

शिकवणी दुपारच्या झोपेनंतर, मागच्या गॅलरीत चाले. इतक्या वर्षांनी सगळेच विषय पुन्हा द्यायचे होते. बाकीचे मीनल आपले आपण वाचत होती. इंग्रजीचं पुस्तक उघडलं की मात्र तिचे हात गार पडत. शाळेत असताना ती धडे पाठ करायची, आणि परीक्षेत पहिला शब्द आठवला नाही की सगळा धडाच जायचा. अण्णांनी दोन-चार दिवस हे पाहिलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

“इंग्रजीतला एक शब्द सांग, ज्याची तुला भीती वाटत नाही.”

मीनलने विचार केला. “पास,” ती म्हणाली. “मला तेवढा एकच हवाय.”

“चालेल. मग त्याच्यापासूनच सुरुवात. उद्या दिवसभरात हा शब्द जिथे जिथे कानावर पडेल, तिथून उचलून आणायचा. कोण म्हणालं, काय अर्थानं म्हणालं, ते मला सांगायचं.”

मीनलला आधी ही थट्टा वाटली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीत आली, ती हसतच. कमळाकर सकाळी रेल्वेचा पास शोधत घरभर फिरला होता. तो सापडला, तर कारखान्याचा गेटपास सापडेना. खाली रिक्षावाला शिवराम कुणाला तरी सांगत होता, की गाडी पासिंगला न्यायची आहे, आज भाडं घेणार नाही. वरच्या मजल्यावरच्या मालिनीताई कुणाच्या तरी बायपास ऑपरेशनबद्दल बोलत होत्या. आणि त्यांचे मिस्टर शरदचंद्र रविवारी कमळाकरबरोबर पत्त्यांतला तीनशे चार खेळतात, तेव्हा हातात काही नसलं की नुसतं ‘पास’ म्हणून पानं पालथी टाकतात.

“आणि टाईमपास,” मीनल म्हणाली. “शेंगदाणेवाला ओरडतो तो.”

“छान.”

“पण अण्णा, ह्यात सारखं काय आहे? गाडी पास होते, बिल पास होतं, मुलगा पास होतो, वेळ पास होतो. त्या लोकांकडे शब्द कमी होते का?”

अण्णा हसले. “आपल्या ‘कर’चं काय मग? कर म्हणजे हात. कर म्हणजे टॅक्स. आणि ‘काम कर’ म्हटलं की कर म्हणजे कर. त्याला घाबरतेस का कधी?”

“नाही.”

“कारण तो तुझ्या ओळखीचा आहे. आता ह्याच्याकडे बघ. गेटवर माणूस असतो, तो सोडतो आणि आपण आत जातो. साहेबाच्या टेबलावर बिल असतं, साहेब सही करतो आणि ते पुढे जातं. वेळ आपल्या इथून पुढे जातो. मी माल पास करायचो म्हणजे काय? माझ्या टेबलावरून तो पलीकडच्या टेबलावर जायचा. अलीकडून पलीकडे जाणं. बाकी सगळं त्यातूनच निघालं.”

मीनलने हे मनात घोळवलं. “आणि उल्हासनगरला कापडवाले हशमतराय चाचा म्हणतात, मेरे पास नया पीस आया है, तो?”

“तो नव्हे. तो हिंदीतला. नावासारखं नाव, घर वेगळं.”

त्या दुपारी मीनलच्या मनातलं काहीतरी सैल झालं. पुढे एकेक शब्द ती असाच हिंडवून बघायला लागली. भाजी आणायला गेली की पाट्या वाचायची. दुकानाच्या, औषधाच्या, खताच्या गोणीवरच्या. वाक्य चुकलं तर अण्णा पेन्सिलीने टेबलावर एकदा टक् करत, आणि ती आपण होऊन पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. थंडी सरेपर्यंत ती अख्खा परिच्छेद न अडखळता वाचू लागली होती. मार्चमध्ये कुळगावच्या शाळेत, आपल्या निम्म्या वयाच्या मुलींच्या शेजारी बसून तिने सगळे पेपर दिले. इंग्रजीचा पेपर देऊन आली तेव्हा अण्णांनी विचारलं, “कसा?” ती म्हणाली, “सगळा लिहिला. बरोबर की चूक ते माहीत नाही. पण हात गार पडले नाहीत.”

जूनमध्ये, निकालाच्या आधीच्या आठवड्यात, अण्णांचं दुखणं उपटलं. त्यांना हर्निया होता आणि तो त्यांनी वर्षानुवर्षं कुणाला कळू दिला नव्हता. जन्मभर दुसऱ्याचे दोष हुडकणाऱ्या माणसाने स्वतःचा तेवढा झाकून ठेवला होता. एका सकाळी त्यांना उलट्या सुरू झाल्या, पोट धरून ते जमिनीवरच बसले, आणि बोलेनासे झाले. शरदचंद्रांनी गाडी काढली. उल्हासनगरला तीन नंबरच्या कॅम्पात एक नर्सिंग होम होतं, तिथे नेलं. डॉक्टर तरुण सिंधी होते. त्यांनी पोटाला हात लावला आणि तडक ऑपरेशनची तयारी करायला सांगितली.

“आतडं अडकलं होतं,” बाहेर आल्यावर ते कमळाकरला म्हणाले. “वेळेवर आणलंत. ऑपरेशन ठीक झालं. पण आतडं पुन्हा चालू व्हायला पाहिजे. जब तक गॅस पास नहीं होता, पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नाही.”

असा तो शब्द पुन्हा गुप्त्यांच्या घरात शिरला.

सिस्टर सकाळी यायच्या, नाडी बघायच्या आणि अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, “आजोबा, गॅस पास झाला?” अण्णा डोळे मिटून घ्यायचे. सुनेच्या देखत ह्या प्रश्नाचं उत्तर देणं त्यांच्याच्याने होईना. मीनल खिडकीतून बाहेर बघायची. दुपारी डॉक्टर यायचे. “अंकल, गॅस पास किया?” अण्णा भिंतीकडे मान वळवायचे.

एकदा सिस्टर गेल्यावर त्यांनी मीनलला जवळ बोलावलं आणि खोल आवाजात म्हणाले, “त्यांना सांग, हा शब्द असा वापरू नका.”

“अण्णा,” मीनल म्हणाली, “अलीकडून पलीकडे जाणं. तुम्हीच सांगितलंत.”

अण्णांच्या ओठाचा एक कोपरा हलला. पण दोन दिवस गेले, तिसरा गेला, तशी थट्टा संपली. पोट ढोलकीसारखं ताणलं होतं. डॉक्टर आता हसत नव्हते. बाहेर कमळाकरशी बोलताना पुन्हा उघडून बघावं लागेल असं काहीतरी म्हणाले. माई पलंगाशी बसून होत्या. त्यांनी जेवण सोडल्यातच जमा होतं. ह्यांच्या घशाखाली पाणी नाही तर मी कशी खाऊ, म्हणायच्या. शेवटी कमळाकर त्यांना बळेच घरी घेऊन गेला. दिवसा मीनल थांबायची.

त्यातच निकालाचा दिवस आला. मीनलने कमळाकरला सांगून ठेवलं होतं, “मला इथून हलता यायचं नाही. तुमची पाळी सुटली की शाळेत जाऊन बोर्डावर नंबर बघून या.” पण खरं म्हणजे सकाळी तिच्या ते डोक्यातही नव्हतं. अण्णांचे ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या, आणि ती ओल्या कापसाने ते पुसत होती.

सिस्टर आल्या. त्यांनी अण्णांना कुशीवर वळवलं, मग धरून उठवून बसवलं. मीनल पडद्याबाहेर उभी राहिली. आत पलंग करकरला, आणि मग आवाज झाला. लहान नव्हता. समोरच्या पलंगावरचा म्हातारा उठून बसला.

“हो गया!” सिस्टरांनी टाळी वाजवली. “डॉक्टरसाब! अंकल पास हो गये!”

पडदा सरकला. अण्णा छताकडे बघत होते, कान लाल झालेले, पण चेहऱ्यावरचा ताण मात्र गेला होता. डॉक्टरांनी पोट तपासलं, छातीला लावायची नळी पोटाला लावली आणि हसले. “एक चमचा पाणी. मग दुपारी थोडा चहा. आता घाबरायचं कारण नाही.”

मीनल चपला न घालताच निघाली होती, ती दारातून परत आली, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून हशमतरायांच्या दुकानात शिरली. हशमतराय कापडाचे व्यापारी. तिचे वडील शिंपी, त्यामुळे तिला लहानपणापासून ओळखायचे. दुकानात गाद्यांवर बरीच गिऱ्हाइकं बसलेली होती, सगळे बाप्ये. “अच पुट, अच,” ये पोरी ये, हशमतराय आपल्या सिंधीत म्हणाले. तिने फोन मागितला. त्यांनी कमरेच्या जुडग्यातली किल्ली काढून डायलचं कुलूप उघडलं.

गुप्त्यांकडे फोन नव्हता. मालिनीताईंकडे होता. नंबर लागेपर्यंत मीनलचं बोट दुखायला आलं. शेवटी पलीकडून हॅलो आलं, पण खरखरीतून.

“मालिनीताई, मी मीनल! माईंना सांगा, पास झाले!”

“काय? मोठ्यानं बोल!”

मीनलने मोठ्यानं बोलायला तोंड उघडलं, आणि दुकानातले सगळे तिच्याकडे पाहताहेत हे तिच्या ध्यानात आलं. गॅस हा शब्द जिभेवर आला होता, तो तिथेच राहिला.

“पास झाले हो! आत्ताच पास झाले! माईंना म्हणावं, आता जेवा!”

“अगं बाई! खरंच?” एवढं ऐकू आलं आणि लाइन कट झाली.

मीनल समाधानाने परतली. सगळं घर तीन दिवस ह्या एकाच गोष्टीची वाट बघत होतं. आणखी काय सांगायला हवं होतं?

पण आपल्या भाषेची गंमत अशी, की सासऱ्यांसारखं वडीलधारं माणूस पास झालं तरी ‘पास झाले’ म्हणायचं, आणि बाईने स्वतःबद्दल सांगितलं तरी ‘पास झाले’च. मालिनीताईंनी सकाळीच रेडिओवर ऐकलं होतं, आज दहावीचा निकाल. त्यांनी गॅलरीत येऊन खाली हाक मारली.

“माई! अहो माई! मीनल पास झाली! आत्ता फोन आला होता!”

माई बाहेर आल्या. “आणि ह्यांचं? ह्यांचं काय म्हणाली?”

“ते विचारणार तोच फोन कटला. पण आवाजात आनंद होता हो. म्हणाली, माईंना म्हणावं आता जेवा.”

माई उंबऱ्यावरच बसल्या. घरच्या माणसाचं पोट तसं फुगलेलं, आणि ही पोरगी आपल्या निकालाचा फोन करते, हा विचार क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेला. मग त्यांना वाटलं, काही वाईट असतं तर ती असं बोललीच नसती. आणि मग वाटलं, किती कष्ट केले हिने. त्या उठल्या आणि देवापुढे साखर ठेवली. तोवर मालिनीताईंनी समोरच्या बिल्डिंगला कळवलं होतं, तिथून ते कौसाबाईंकडे गेलं होतं.

दुपारी कमळाकर पाळी संपवून बदलापूरला उतरला. शाळेकडे वळणार, एवढ्यात शिवरामने रिक्षातून हात बाहेर काढून त्याचा हात हातात घेतला. “अभिनंदन साहेब! वहिनी पास!” कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानेही तेच सांगितलं. आता शाळेत जायचं कशाला? कमळाकरने पेढे घेतले. एक पुडा मालिनीताईंच्या हातात दिला, शेजारीपाजारी वाटायला. दुसरा घेऊन आणि माईंना बरोबर घेऊन तो उल्हासनगरला आला.

वॉर्डच्या दारातच माई थबकल्या. अण्णा उशीला टेकून बसले होते आणि बशीतून चहा पीत होते. माईंनी पदर तोंडाला लावला आणि रडायलाच सुरुवात केली. मीनलला नवल वाटलं. निरोप तर सकाळीच दिला होता. कमळाकरने तिच्या हातात पुडा ठेवला. “घे. पहिला पेढा तुझ्या हातानं वाट.”

ह्याचे पेढे वाटायचे म्हणजे जरा जास्तच होतं, असं मीनलला वाटलं. पण वडील बरे झाल्याचा आनंद आहे, असू दे. तिने पुडा सोडला आणि सिस्टरांपुढे धरला. “घ्या सिस्टर. आमचे अण्णा पास झाले त्याचे पेढे.”

सिस्टरांनी पेढ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. “इतने साल नौकरी की,” त्या म्हणाल्या, “ह्याचे पेढे पहिल्यांदा खाते.”

“अण्णांचे कसे?” कमळाकर म्हणाला. “तुझ्या निकालाचे आहेत ते.”

“माझा निकाल? लागला? बघितलात तुम्ही?”

“मी कशाला बघू? तूच नाही का फोन केलास, पास झाले म्हणून!”

“ते मी नाही! ते अण्णा!”

माई एकदा सुनेकडे, एकदा नवऱ्याकडे बघत होत्या. सगळ्यांत आधी उलगडलं ते अण्णांना. त्यांनी चहाची बशी मीनलच्या हातात दिली, बाजूची उशी ओढून टाक्यांवर घट्ट दाबून धरली आणि हसायला लागले. आवाज फुटत नव्हता, नुसते खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“कर्ता!” ते कसेबसे म्हणाले. “मीनल, वाक्यात कर्ता कुठाय?”

“अंकल, हसू नका, टाके!” सिस्टर धावल्या, पण त्यांचंच तोंड पेढ्याने भरलेलं होतं. समोरच्या पलंगावरचा म्हातारा काय झालं, काय झालं म्हणून विचारत होता, आणि त्याला सांगता सांगता कमळाकरलाही हसू आवरेना.

माईंच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडला. “म्हणजे... तुमचं झालं?”

“झालं,” अण्णा म्हणाले.

“मग राहू दे तो निकाल,” माई म्हणाल्या, आणि पुड्यातला एक पेढा उचलून त्यांनी अख्खा तोंडात टाकला. मग दुसरा.

मीनल तेवढी स्टुलावर बसून राहिली होती. शाळा एव्हाना बंद झाली असणार. “घरी कुणाकुणाला सांगितलंत?” तिने विचारलं. कमळाकरने मान खाजवली. “मी कुणालाच नाही. मलाच सगळ्यांनी सांगितलं.”

“आणि मी नापास असले तर? सगळ्या मांजर्लीनं पेढे खाल्ले ते?”

अण्णांनी डोळे पुसले. “खाल्ले ते खाल्ले. तू उद्या स्वतः जा. जे असेल ते घेऊन आधी माझ्याकडे ये. राहिलं असेल तर ऑक्टोबरला पुन्हा बसू. मला कुठे कामाला जायचंय आता?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मीनल घरून निघाली, तेव्हा जिन्यापासून अभिनंदन सुरू झालं. “अजून बघायचंय हो,” ती प्रत्येकाला सांगत होती, आणि प्रत्येकाला तो तिचा विनय वाटत होता. शिवरामने रिक्षा थांबवून बळेच बसवून घेतलं. कुळगावच्या शाळेच्या फाटकाशी उतरल्यावर तिला वाटलं, परत फिरावं आणि सरळ हॉस्पिटलात जाऊन बसावं. पण ती आत गेली. ऑफिसातल्या क्लार्कने “काल का नाही आलात?” म्हणत गठ्ठ्यातली मार्कशीट काढून पुढे सरकवली आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. तिने सही केली, कागद न बघताच घेतला आणि बाहेर पटांगणातल्या नळापाशी येऊन थांबली.

आधी तिने इंग्रजी शोधलं. मग तिथून वर एकेक विषय बघत गेली. मग खाली शेवटचा शब्द वाचला. तो इंग्रजीत छापलेला होता आणि तिला तो लांबूनसुद्धा वाचता आला असता. आपण उड्या मारू, निदान रडू तरी, असं तिला वाटायचं. तसं काहीच झालं नाही. तिने नळ सोडला, तोंड धुतलं, ओंजळीने पोटभर पाणी प्यायली आणि स्टेशनकडे चालू लागली.

अण्णांनी मार्कशीट दोन्ही हातांत धरून पाहिली. नाव पाहिलं, नंबर पाहिला, शिक्का उजेडात धरून पाहिला. “इंग्रजीत गणितापेक्षा जास्त,” ते म्हणाले. मग त्यांनी ती माईंकडे दिली. माईंनी ती आधी कपाळाला लावली आणि मग उलटी धरून कौतुकाने बघत बसल्या.

संध्याकाळी मीनल मांजर्लीला परतली ती पिशवीत मार्कशीट घेऊन, प्रत्येक दाराशी थांबून दाखवायची ह्या तयारीने. पहिल्या मालिनीताईच भेटल्या.

“मालिनीताई, पास झाले मी! ही बघा.”

“अगं, ते कालच नाही का कळलं,” मालिनीताई म्हणाल्या. “पेढे छान होते हं. कुठून आणले कमळाकरनं?”

समोरच्या बिल्डिंगीत तेच. कौसाबाईंनी तर मार्कशीट हातातही घेतली नाही. “ते मी धरूनच चालले होते. तू आता एक फोटो दे आणि सोमवारी नऊला ये. पोरांची नावं घालायला बायका कालपासून येताहेत.” मीनलला हसावं की काय करावं कळेना. खरा आनंद झाला तो आज, आणि तो ऐकायला एकही माणूस रिकामा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आवडी आली. आवडी बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरची. ह्या दिवसांत शेवळं ही रानभाजी घेऊन यायची आणि जिन्याच्या तळाशी बसून विकायची. चार-पाच दिवस ती फिरकली नव्हती, त्यामुळे तिला कुठलीच बातमी कळलेली नव्हती. मीनल तिच्यासमोर पायरीवर जाऊन बसली.

“आवडीबाई, मला पास मिळाला.”

“कसला?”

“दहावीचा. शाळेचा. सरकारनं कागद दिला, मी पास म्हणून.”

आवडीने शेवळांची जुडी बांधता बांधता हात थांबवला. “खरं का काय! दाव मना.” मीनल धावत वर गेली आणि मार्कशीट घेऊन आली. आवडीने हात लुगड्याला पुसले, पण कागदाला हात लावला नाही, लांबूनच वाकून बघितलं. “शिक्का हाय,” ती मान हलवत म्हणाली. “आमच्या पोराला, सख्यालाबी रानखात्याचा पास मिलतो, लाकडाचा. तवाच नाक्यावरनं मोली जाते, नायतर गार्ड हुबा ऱ्हातो आडवा. तुला आता ह्या पासावर काय नेता येल?”

“मला बालवाडीत शिकवायला जाता येईल.”

“आनि कोन आडवनार नाय?”

“नाही.”

“मंग लय ब्येस झाला गो बाय!” आवडी एकदम मोठ्याने म्हणाली, आणि तिने मीनलच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून बोटं आपल्या कानशिलांवर कडाकडा मोडली. मग टोपलीतली सगळ्यांत मोठी जुडी आणि वर शेवळांची खाज मारायला लागणारी मूठभर आंबट काकडं तिच्या ओटीत टाकली. “ही घे. आनि तो कागद आसा हातात घेऊन नको फिरू. सख्याचा एकदा पावसात भिजला, तं साहेब मानंना. पिलास्टिकच्या पिशवीत घाल.”

मीनल वर गेली. दुधाची एक पिशवी धुऊन दोरीवर वाळत घातलेली होती, ती तिने उलटी करून नीट पुसली, मार्कशीट तिची घडी न मोडता आत सरकवली आणि माईंच्या ट्रंकेत ठेवली. मग विळी घेऊन शेवळं चिरायला बसली.